मेमरी कार्ड ‘रीड ओन्ली’ झालंय? फॉरमॅट मारायच्या आधी हे ह्याच क्रमानं करा

कार्ड लॅपटॉपला लावलं, फोटो दिसतायत, उघडतायत, पण एक डिलीट होत नाही, नवीन काही पेस्ट होत नाही आणि प्रत्येक वेळी ‘द डिस्क इज राइट प्रोटेक्टेड’ असा मेसेज येतोय. माझ्याकडे नातेवाईक, मित्र, ओळखीचे फोटोग्राफर अशी कार्डं घेऊन येतात आणि जवळपास सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच असतं, ‘फॉरमॅट करून बघितलं, पण होतच नाहीये’. हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण ते फॉरमॅट झालं असतं तर लग्नाचे, बारशाचे फोटो गेले असते, आणि कार्डाला खरं तर काहीच झालेलं नसतं, बाजूचं छोटं लॉक खाली सरकलेलं असतं एवढंच.

उलटंही होतं. कार्ड खरंच संपलेलं असतं आणि माणूस आठवडाभर नेटवरच्या कमांड मारत बसतो, पैसे देऊन सॉफ्टवेअर घेतो, आणि तोवर जे वाचता येत होतं तेही वाचता येईनासं होतं. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी डेटा, मग लॉक, मग रीडर, मग कॉम्प्युटर, मग फाइल सिस्टीम (कुठली फाइल कार्डावर कुठे आहे याची नोंदवही), आणि फॉरमॅट सगळ्यात शेवटी. मधली पायरी गाळू नका.

तयारी: सुरू करायच्या आधी काय जवळ हवं

एक वेगळा यूएसबी कार्ड रीडर हवा, लॅपटॉपच्या बाजूचा स्लॉट सोडून. कार्ड मायक्रो एसडी असेल तर दुसरा अ‍ॅडाप्टरही हवा. कुणाकडून तरी मागून आणा, पण दुसरा हवाच, नाहीतर दोष कार्डाचा की रीडरचा हे कळायला मार्गच राहत नाही. चांगलं चालणारं एक दुसरं मेमरी कार्ड, साधी सेलोटेप, आणि लॅपटॉपवर कार्डाच्या साइझएवढी तरी रिकामी जागा. म्हणजे कार्ड ६४ जीबीचं असेल तर तेवढी जागा आधी करून घ्या, कॉपी अर्ध्यावर आल्यावर जागा शोधायला लागू नका.

इशारा: कॉपी होईपर्यंत कार्ड परत कॅमेऱ्यात किंवा फोनमध्ये घालून ‘बघूया आता होतंय का’ करू नका. फोन ‘कार्ड खराब आहे, फॉरमॅट करा’ असं विचारतो आणि घाईत बोट नेमकं त्याच बटणावर पडतं.

पायरी १: आधी सगळं कॉपी करून घ्या

कार्ड वाचता येतंय ना, मग आज, आत्ता कॉपी करा. रीड ओन्ली होणं हा कधीकधी कार्डाचा शेवटचा इशारा असतो. आतला कंट्रोलर, म्हणजे कार्ड चालवणारी चिप, लिहिणं बंद करतो म्हणजे निदान आहे तो डेटा तरी वाचता यावा, आणि ही मुदत किती दिवसांची हे कुणी सांगू शकत नाही.

१. कट-पेस्ट अजिबात नको, फक्त कॉपी. कट केलं की कॉम्प्युटर कॉपी झाल्यावर मूळ फाइल पुसायला जातो, तिथे अडतो आणि मग काय आलं, काय राहिलं याचा घोळ होतो.

२. नुसतं ‘डीसीआयएम’ हे कॅमेऱ्याच्या फोटोंचं फोल्डर घेऊन थांबू नका. काही कॅमेऱ्यांचे व्हिडिओ वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, फोनच्या कार्डावर व्हॉट्सअ‍ॅपचं, रेकॉर्डिंगचं, डाउनलोडचं फोल्डर वेगळं असतं, म्हणून कार्डावरचं सगळंच्या सगळं घ्या.

३. कॉपी मध्येच अडकली तर कार्ड काढा, गरम झालं असेल तर गार होऊ द्या आणि राहिलेली फोल्डरं एकेक करून घ्या. एका खराब फाइलसाठी बाकीच्या दोनशे अडवून ठेवायच्या नाहीत, ती स्किप करा.

४. फोल्डरं दिसतच नसतील किंवा फाइली उघडत नसतील तर आख्ख्या कार्डाची इमेज काढा, म्हणजे कार्डाची हुबेहूब नक्कल असलेली एकच मोठी फाइल. विंडोजवर ‘विन ३२ डिस्क इमेजर’ फुकट मिळतं, त्यात इमेज फाइलचं नाव द्यायचं, कार्डाचं ड्राइव्ह निवडायचं आणि ‘रीड’ दाबायचं. बाजूलाच ‘राइट’चं बटण आहे, त्याला हात लावायचा नाही. लिनक्सवाल्यांनी ‘डीडीरेस्क्यू’ वापरावं, ते खराब जागा बाजूला ठेवून आधी चांगला भाग काढून घेतं. मग त्या इमेजवर ‘फोटोरेक’ हे फाइली शोधून काढणारं सॉफ्टवेअर चालवा. तेही फुकट आहे. फाइलींची मूळ नावं आणि फोल्डरं मिळणार नाहीत, पण फोटो मिळतात, आणि सगळं काम इमेजवर होत असल्यामुळे कार्डाला आणखी त्रास होत नाही.

तपासून बघा: कार्डावरच्या आणि कॉपीच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, फाइलींची संख्या आणि एकूण साइझ दोन्हीकडे जुळली पाहिजे. मग सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे चार-पाच फोटो मोठे करून बघा, छोटं थंबनेल दिसतंय म्हणजे फोटो चांगला आहे असं नाही. व्हिडिओ शेवटापर्यंत ओढून बघा. हे झाल्याशिवाय पुढची पायरी नाही.

पायरी २: लॉकचा खटका

मोठ्या एसडी कार्डाचं लेबल तुमच्याकडे आणि सोनेरी पट्ट्यांची बाजू वर धरली की डाव्या कडेला एक छोटा खटका दिसतो. तो वर, म्हणजे पट्ट्यांकडे असला की लिहिता येतं, खाली असला की लॉक. मायक्रो एसडीवर असा खटका नसतो, तो असतो अ‍ॅडाप्टरवर, त्यामुळे मायक्रो एसडी लॉक दाखवत असेल तर आधी अ‍ॅडाप्टरवर संशय घ्या.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. या खटक्याचा कार्डाच्या आतल्या सर्किटशी काही संबंध नाही. तो नुसता प्लॅस्टिकचा तुकडा आहे. रीडरच्या आत एक बारीक स्विच असतो, तो खटका वर आहे की नाही हे चाचपतो आणि त्यावरून लिहू द्यायचं की नाही ठरवतो. काही रीडर तर या लॉककडे बघतही नाहीत, म्हणून तेच कार्ड एका ठिकाणी लॉक आणि दुसऱ्या ठिकाणी चालू असं होऊ शकतं.

आमच्या शेजारच्या काकांच्या कॅमेऱ्याच्या कार्डाचं असंच झालं होतं. पुतणीच्या हळदीचे फोटो होते, कॅमेरा म्हणत होता कार्ड लॉक आहे, आणि काका दाखवत होते की अहो, खटका तर वर आहे. खरंच वर होता. मी कार्ड लॅपटॉपच्या स्लॉटमध्ये घातलं, न वापरता तसंच बाहेर काढलं, तर खटका खाली आलेला. पुन्हा वर केला, पुन्हा घातलं, काढलं, पुन्हा खाली. वापरून वापरून तो इतका सैल झाला होता की आत सरकताना स्लॉटची कडच त्याला खाली ओढत होती. बाहेरून बघणाऱ्याला हे कधीच कळणार नाही, म्हणून कार्ड घालण्याआधी आणि काढल्यानंतर अशा दोन्ही वेळी खटका कुठे आहे ते बघा.

खटका सैल असेल किंवा तुटून पडला असेल तर तिथली खाच मोकळी राहते आणि बहुतेक रीडर ते लॉकच समजतात. उपाय साधा आहे, सेलोटेपचा बारीक तुकडा खटका वर असताना त्या खाचेवरून कडेला गुंडाळून चिकटवा, म्हणजे खाच झाकली जाते. टेप एकाच पदराची हवी आणि मागच्या सोनेरी पट्ट्यांवर अजिबात येता कामा नये. जाड झाली किंवा कोपरा सुटा राहिला तर कार्ड स्लॉटमध्ये अडकतं आणि मग कॅमेरा दुरुस्तीला न्यायची वेळ येते. टेप म्हणजे तात्पुरतं काम, त्या कार्डावर पुढचं लग्न शूट करू नका.

पायरी ३: दोष कार्डाचा की रीडरचा

इथे अंदाज चालवू नका, अदलाबदल करा. तुमचं कार्ड दुसऱ्या रीडरमध्ये घाला आणि चांगलं चालणारं कार्ड तुमच्या रीडरमध्ये घाला.

दुसऱ्या रीडरमध्ये तुमच्या कार्डावर लिहिता आलं तर तुमचा रीडर किंवा अ‍ॅडाप्टर गेलेला आहे, कार्ड ठीक आहे, इथेच थांबा. चांगलं कार्डसुद्धा तुमच्याकडे लॉक दाखवत असेल तर रीडर किंवा कॉम्प्युटरची सेटिंग, ती पाचव्या पायरीत बघू. आणि तुमचं कार्ड सगळीकडेच लॉक असेल तर गडबड कार्डात आहे.

लॅपटॉपच्या स्लॉटमध्ये धूळ साठून आतला तो बारीक स्विच अडकतो, हे वारंवार बघितलंय. हलकी हवा मारा, पिन किंवा टाचणी घालून खरवडू नका. कार्डाच्या पट्ट्या कोरड्या सुती कापडानं पुसा, चिकट असेल तर कापडाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा आणि पूर्ण वाळू द्या. खोडरबरानं घासायचा सल्ला सगळे देतात, मला पटत नाही, कारण त्याचा चुरा पुढे स्लॉटमध्येच जातो.

पायरी ४: सगळंच बंद आहे की थोडंच?

कार्डाच्या मुख्य जागेवर, कुठल्याही फोल्डरच्या बाहेर, एक छोटी टेक्स्ट फाइल बनवून बघा. ती बनली, तर कार्ड रीड ओन्ली नाहीच, अडचण वेगळी आहे, आणि ती बहुतेक यातली एक असते:

- कार्ड भरलंय. साधी गोष्ट आहे, पण आधी तीच बघा.
- ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल टाकताय आणि कार्डावर फॅट ३२ ही फाइल सिस्टीम आहे. त्यात एवढी मोठी फाइल बसतच नाही, बाकी लहान फाइली मात्र जातात. एक्सफॅट या दुसऱ्या फाइल सिस्टीममध्ये ही अडचण नाही.
- फक्त एखाद्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रीड ओन्ली’ला टिक आहे, ती काढा.

आणि फाइल बनलीच नाही तरी लगेच कार्डाला दोष देऊ नका. मॅकवर असाल आणि कार्ड एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टीममध्ये फॉरमॅट केलेलं असेल तर मॅक ते फक्त वाचतो, लिहीत नाही, तेच कार्ड विंडोजवर व्यवस्थित चालेल.

अँड्रॉइड फोनमध्ये अजून एक भानगड असते. अँड्रॉइड ४.४ पासून अ‍ॅपना कार्डावर वाटेल तिथे लिहायची मुभा राहिली नाही, त्यामुळे फाइल मॅनेजर एकदा परवानगी मागतो, आणि जुन्या अँड्रॉइडवर कार्डाचं मुख्य फोल्डर निवडायला लावतो. तिथे आपण घाईत ‘कॅन्सल’ करतो किंवा आतलंच एखादं फोल्डर निवडतो आणि मग म्हणतो कार्ड लॉक झालं. फोनसोबत आलेल्या मूळ फाइल मॅनेजरनं एकदा करून बघा. आणि कार्ड फोनमध्ये ‘इंटर्नल स्टोरेज’ म्हणून लावलेलं असेल तर ते त्या फोनपुरतं एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद झालेलं असतं, लॅपटॉप ते वाचू शकत नाही आणि ‘फॉरमॅट करायचं का’ असं विचारतो. तिथे ‘नाही’ म्हणा, कार्ड परत त्याच फोनमध्ये घाला आणि फोन केबलनं जोडून डेटा काढा. वर फोनमध्ये कार्ड घालू नका म्हटलं होतं त्याला एवढा एकच अपवाद.

पायरी ५: विंडोजनं लावलेलं लॉक

ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आधी तेच कार्ड घरच्या कॉम्प्युटरवर बघा. बऱ्याच कंपन्या बाहेरच्या ड्राइव्हवर लिहिणं मुद्दाम बंद ठेवतात. ती पॉलिसी आहे, बिघाड नाही, तिथे काही खटपट करू नका, आयटीवाल्यांना विचारा.

स्वतःच्या कॉम्प्युटरवर कुठलंच कार्ड किंवा पेन ड्राइव्ह लिहू देत नसेल तर रेजिस्ट्री एडिटर, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग बदलायचं टूल, उघडा. ‘एचकी लोकल मशीन’, त्यात ‘सिस्टीम’, ‘करंट कंट्रोल सेट’, ‘कंट्रोल’, आणि त्यात ‘स्टोरेज डिव्हाइस पॉलिसीज’ नावाचं फोल्डर आहे का बघा. असेल आणि त्यातल्या ‘राइट प्रोटेक्ट’ची किंमत १ असेल तर ० करा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. ते फोल्डर नसेलच तर हे कारण नाही, सरळ पुढे जा, नवीन काही बनवत बसू नका.

आता डिस्कपार्ट, म्हणजे विंडोजमधलं कमांड टाइप करून डिस्क हाताळायचं टूल. इथे लोक सगळ्यात जास्त घाण करून ठेवतात म्हणून सावकाश वाचा. खालचे शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे.

१. बाकीचे सगळे पेन ड्राइव्ह आणि बाहेरच्या हार्ड डिस्क काढून ठेवा, फक्त कार्ड ठेवा.

२. कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडा, ‘डिस्कपार्ट’ टाइप करून एंटर, मग ‘लिस्ट डिस्क’.

३. कार्डाचा नंबर साइझवरून ओळखा. ३२ जीबीचं कार्ड इथे २९ जीबीच्या आसपास दिसतं, ६४ चं ५८-५९. डिस्क ० ही बहुतेक वेळा तुमची स्वतःची हार्ड डिस्क असते. खात्री नसेल तर कार्ड काढा, पुन्हा ‘लिस्ट डिस्क’ करा, जी ओळ गायब झाली ते कार्ड.

४. ‘सिलेक्ट डिस्क’ आणि पुढे तो नंबर.

५. ‘अ‍ॅट्रिब्यूट्स डिस्क’ टाइप करा आणि लगेच पुढे न जाता काय आलंय ते वाचा. वर दोन ओळी असतात, एक ‘करंट रीड ओन्ली स्टेट’ आणि दुसरी नुसती ‘रीड ओन्ली’. दुसरी ओळ ‘येस’ असेल तर लॉक विंडोजनं लावलंय, ते निघतं. दुसरी ‘नो’ आणि पहिली ‘येस’ असेल तर लॉक खालून, म्हणजे खटक्यातून, रीडरमधून किंवा कार्डातूनच येतंय, त्यावर कमांडचा काही उपयोग नाही.

६. निघणारं असेल तर ‘अ‍ॅट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली’. शेवटचा शब्द जोडून टाइप करायचा, तोडला तर एरर येते.

इशारा: नेटवर या कमांडच्या पुढची ओळ म्हणून ‘क्लीन’ दिलेली असते. ‘क्लिअर’ आणि ‘क्लीन’ दिसायला सारखे आहेत, पण क्लीन निवडलेल्या डिस्कची आख्खी मांडणी पुसतो, आणि नंबर चुकला असेल तर भलत्याच डिस्कवरचा डेटा जातो. रीड ओन्ली काढायला त्याची गरज नाही.

पायरी ६: फाइल सिस्टीम दुरुस्त करा

लिहिणं चालू असताना कार्ड ओढून काढलं, बॅटरी संपली, असं झालं की कार्डावरची नोंदवही अर्धवट राहते. अँड्रॉइड आणि लिनक्स अशा वेळी आणखी बिघडू नये म्हणून कार्ड फक्त वाचण्यापुरतं लावतात, रास्पबेरी पाय हा कार्डावर चालणारा छोटा कॉम्प्युटर वापरणाऱ्यांना हे चांगलं ओळखीचं आहे. विंडोजवर ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. मॅकवर डिस्क युटिलिटीमधलं फर्स्ट एड. दुरुस्तीत तुटक्या फाइली वेगळ्या नावानं एका फोल्डरमध्ये टाकल्या जातात, कधी पुसल्याही जातात, म्हणून पहिली पायरी झालेली असेल तरच हे करा. झाल्यावर पुन्हा ती छोटी टेक्स्ट फाइल बनवून बघा.

पायरी ७: आता फॉरमॅट

इथपर्यंत येऊन कॉपी तपासलेली असेल तर फॉरमॅट करायला हरकत नाही. विंडोजच्या राइट क्लिकवाल्या फॉरमॅटपेक्षा एसडी असोसिएशनचं ‘एसडी मेमरी कार्ड फॉरमॅटर’ घ्या, फुकट आहे आणि कार्डाच्या साइझप्रमाणे योग्य फाइल सिस्टीम स्वतःच लावतं, २ जीबीच्या पुढे ३२ जीबीपर्यंत फॅट ३२, त्यापुढे एक्सफॅट. आधी ‘क्विक’. मग कार्ड ज्या कॅमेऱ्यात किंवा डॅशकॅममध्ये वापरायचं त्यातच पुन्हा एकदा फॉरमॅट करा, कारण फोल्डरांची रचना ते आपल्या पद्धतीनं करून घेतात.

पायरी ८: कार्ड संपलंय का, याची खरी परीक्षा

मावशीच्या स्पीकरमध्ये भजनांचं कार्ड होतं, ती म्हणाली यातलं जुनं काढ आणि नवीन अभंग भरून दे. मी सगळं डिलीट केलं, कार्ड रिकामं दिसलं, नवीन फाइली टाकल्या, एकही एरर नाही. स्पीकरला लावलं तर पहिलं तेच जुनं भजन सुरू. परत लॅपटॉपला लावलं तर जुन्या सगळ्या फाइली जागच्या जागी, त्याच तारखांसकट, आणि नवीन एकही नाही. फॉरमॅट केलं, ‘कम्प्लीट’ आलं, काढून लावलं, पुन्हा तेच भजन.

हे लक्षण दिसलं की कार्ड संपलं असं समजा. फ्लॅश मेमरीची प्रत्येक जागा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येते, झिजलेल्या जागांसाठी कार्डात थोड्या राखीव जागा असतात, त्या संपल्या किंवा आत काही बिघडलं की कंट्रोलर लिहिणं थांबवतो. काही कार्डं सरळ एरर देतात, काही ‘हो, लिहिलं’ म्हणतात आणि लिहीत नाहीत. आपल्याला स्क्रीनवर दिसतं ते कॉम्प्युटरनं स्वतःच्या मेमरीत धरून ठेवलेलं असतं.

म्हणून परीक्षा अशी घ्या: एक फाइल डिलीट करा, एक नवीन टाका, ‘इजेक्ट’ करून कार्ड बाहेर काढा, दुसऱ्या रीडरमध्ये घाला. जुनी परत आली आणि नवीन गायब असेल तर विषय संपला. यावर कुठलंही सॉफ्टवेअर चालत नाही, ‘राइट प्रोटेक्शन रिमूव्हर’ म्हणून पैसे मागणारं तर अजिबात घेऊ नका. वॉरंटी बघा, बऱ्याच ब्रँडच्या कार्डांना काही वर्षांची असते.

डॅशकॅम आणि सीसीटीव्हीत दिवसरात्र लिहिणं चालू असतं, तिथे साधं कार्ड लवकर झिजतं, त्यासाठी ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं कार्ड घ्या.

पायरी ९: सुधारलेलं कार्ड वापरायचं की नाही

दोष खटक्याचा, रीडरचा किंवा विंडोजचा होता आणि कार्ड परीक्षेत पास झालं, तर विंडोजवर ‘एच टू टेस्ट डब्ल्यू’, लिनक्स-मॅकवर ‘एफ थ्री’ एकदा पूर्ण चालवा. हे आख्खं कार्ड भरतात आणि लिहिलेलं पुन्हा वाचून जुळवतात. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, रात्री लावून ठेवा. स्वस्तात घेतलेलं ‘१२८ जीबी’चं कार्ड आत ८ जीबीचं निघतं तेही इथेच उघड होतं. एकही एरर आली तर ते कार्ड महत्त्वाच्या कामाला नको.

संपलेलं कार्ड मात्र नुसतं कचऱ्यात टाकू नका. त्यावरचं काहीच पुसता येत नाही, म्हणजे तुमचे घरचे फोटो, आधारचे स्कॅन, सगळं तसंच वाचता येतंय. वॉरंटीत पाठवायच्या आधीही हा विचार करा, खासगी काही असेल तर त्या कार्डाचे पैसे सोडून द्या. पकडीनं त्याचे तुकडे करा, मायक्रो एसडी मधोमध मोडतं, आणि तुकडे ई-कचऱ्यात द्या.